विचारून सांगते

शाळा संपवलेल्या मुलांसाठी भरलेल्या अभ्यासक्रमांच्या मेळाव्यात आत्या टेबलामागच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या त्या निव्वळ गुडघे दुखायला लागले म्हणून. टेबलावर 'चौकशी' अशी पाटी होती. पण सगळी नोकरी बस स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत काढलेल्या बाईला ती पाटी परकी वाटावी तरी कशी?

आत्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे पोरीचे बाबा, मेळाव्याला आले होते ते निर्णय घरीच करून. लेकीला 'विमानतळ व्यवस्थापना'ला घालायचं. पत्रकावर विमानाचं चित्र होतं, खाली 'शंभर टक्के नोकरी' असं छापलेलं होतं आणि नाव नोंदवायला आजचाच दिवस उरला होता. लेकीला मात्र फ्रीज-एसी दुरुस्ती शिकायची होती.

"लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज उघडत बसणार तू?" बाबा म्हणाले.

"आपला कोणी उघडला होता, बाबा?"

मेकॅनिकने 'नवीन घ्या' म्हणून हात टेकल्यावर घरचा फ्रीज पोरीनेच चालू केला होता आणि आत्ता बाबांच्या हातातल्या बाटलीतलं पाणीही त्याच फ्रीजमधलं होतं.

"ताई, तू बस इथे हिला घेऊन. मी नाव नोंदवायच्या रांगेत उभा राहतो."

"कोणाला विचारलंस का आधी?"

"विचारायचं काय त्यात? छापलंय की!"

"छापलेल्या वेळेला गाडी सुटते होय रे? मी फलक बघून कधी वेळ सांगितली नाही. ड्रायव्हरला विचारायचे, बाबा रे, चहा प्यायचाय की पिऊन झालाय?"

पण बाबा केव्हाच गर्दीत शिरले होते.

इतक्यात एक बाई मुलाला घेऊन टेबलापाशी आल्या. "अहो, नर्सिंगला मुलं घेतात का हो?"

दुसरं कोणी असतं तर 'मी इथली नाही' म्हणून मोकळं झालं असतं. आत्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मला माहीत नाही. थांबा, विचारून सांगते."

त्यांनी भाचीला पिटाळलं. "नर्सिंगच्या टेबलावरच्या साहेबांना नको विचारूस. मागे खोकी उचलतायत ना, ते शिकणारे असतील. त्यांना विचार."

भाची धावत गेली आणि धावत आली. मुलं घेतात, पण रात्रपाळी चुकत नाही आणि पहिल्या वर्षी सगळ्यांनाच रडू येतं, असं उत्तर मिळालं. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी ते चार जणींना सांगितलं. चौघी आल्या आणि त्यांच्या मागून आणखी लोक आले. बघता बघता रांग दारापर्यंत गेली. त्या अख्ख्या सभागृहात 'मला माहीत नाही' असं म्हणणारी ही एकच बाई होती, म्हणून तर लोकांचा तिच्यावर विश्वास बसला. खरं सांगायचं तर असं म्हणायला छाती लागते, आणि आत्यांच्या छातीला आमचा नमस्कार आहे.

तेवढ्यात चौकशीचे खरे साहेब चहाचा कप घेऊन परतले. रांग बघून आपली बदली झाली, असंच त्यांना वाटलं.

"मॅडम, मी... मी कुठे बसू?"

"बसता कशाला? तो चहा द्या इकडे आणि रांग सरळ करा."

साहेबांनी रांग सरळ केली.

तिकडे विमानतळाच्या रांगेत बाबांच्या कानावर आलं, की चौकशीवर एक बाई आहेत, त्या खरं सांगतात. ताईचं 'कोणाला विचारलंस का' अजून त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. बाबा जागा सोडून इकडच्या रांगेत आले आणि घाम पुसत टेबलापाशी पोचले.

"ताई, तू?"

"प्रश्न विचार. मागे लोक खोळंबलेत."

"विमानतळ व्यवस्थापन," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. "नोकरी नक्की लागते का गं?"

"विचारून सांगते."

या वेळी आत्या स्वतः उठल्या. मागोमाग बाबा, त्यांच्यामागे भाची. विमानाच्या स्टॉलवर तीन मुलं कडक टाय लावून उभी होती. आत्यांनी त्यातला सर्वांत दमलेला निवडला.

"बाळा, तू काय शिकलास?"

"हाच कोर्स, मॅडम."

"मग नोकरी?"

"लागली ना! लगेच."

"कुठे?"

मुलाने खाली टेबलाकडे पाहिलं. "इथेच."

"आणि हे दोघं?"

"तेही इथेच."

"बाकीची मुलं?"

"दुसऱ्या गावच्या मेळाव्यांना गेलीत, मॅडम. स्टॉलवर."

"विमानतळ कसा असतो रे?"

"पत्रकावर आहे तसाच असेल की," मुलगा चाचरत म्हणाला.

"म्हणजे शंभर टक्के हे खरंच आहे," बाबा पुटपुटले.

"अगदी खरं," आत्या म्हणाल्या. "छापलंय की."

बाबांनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. लेकीकडे बघायचा त्यांना धीर होईना.

"फ्रीजवाल्यांचं... कोणाला विचारलंस का?"

"मघाशीच विचारून आले, बाबा. खोकी उचलणाऱ्यांना. पाठ दुखते म्हणाले. आणि उन्हाळ्यात जेवायला सवड मिळत नाही, इतकं काम असतं."

"मुली आहेत?"

"आहेत. त्यांचीच पाठ दुखते."

बाबा हसले. पोरीचा हात धरून ते सभागृहाच्या पार टोकाला, फ्रीज-एसी दुरुस्तीच्या टेबलापाशी गेले. रांगेत त्यांच्यापुढे एकच जण उभा होता. धावत आल्यामुळे त्याला धाप लागली होती आणि तो गळ्यातला टाय सोडत होता.