तीन चिप्स आणि माणिकआत्याचं सोवळं

जानेवारीतल्या त्या सोमवारी बोरीवलीच्या आगाश्यांकडे सकाळ नेहमीच्याच क्रमाने उजाडली. नळ आला, दूध आलं, माणिकआत्याने तुळशीला पाणी घातलं, नलिनी डब्याच्या पोळ्या लाटायला बसली. फक्त नलिनीचा नवरा विद्याधर मनगटाला तांब्याची तार बांधून चहा पीत होता. तारेचं दुसरं टोक मोरीतल्या नळाला गुंडाळलेलं होतं.

त्याच्यासमोर पत्र्याच्या डबीत, काळ्या स्पंजात पाय रोवून, तीन चिप्स बसल्या होत्या. तो कामाला होता त्या चारकोपच्या कारखान्याचे मालक श्यामकांत यांनी त्या परदेशातून मागवल्या होत्या. कारखान्याशेजारच्या दवाखान्यातल्या, हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या यंत्रात त्या आज नीट बसल्या, की विद्याधरची नोकरी कायम होणार होती.

"माझ्या हातून आजवर एकही चिप मेलेली नाही," तो म्हणाला.

"मरायला त्या काय झुरळं आहेत?" नलिनी म्हणाली.

"हसू नकोस. या कोरड्या हवेत माणसाच्या अंगात वीज साठते. आपल्याला पत्ताही नसतो, आणि नुसत्या स्पर्शाने हिचा जीव जातो. म्हणून ही तार. अंगातली वीज आधी जमिनीत सोडायची, मगच हात लावायचा."

देवघरासमोर वाती वळणाऱ्या माणिकआत्याने मान वर केली. विद्याधरच्या वडिलांची ही थोरली बहीण; सोवळ्याओवळ्यात तिचा शब्द अख्ख्या सोसायटीत शेवटचा.

"म्हणजे सोवळंच की रे."

शास्त्र इतक्या चटकन कुणाला उमगलेलं विद्याधरने पाहिलं नव्हतं. "अगदी तेच, आत्या," तो कौतुकाने म्हणाला, आणि तार सोडून आंघोळीला गेला.

बाहेर आला तेव्हा आत्या सोवळ्याचं रेशमी पातळ नेसून बसली होती. काळा स्पंज केराच्या डब्यात होता. तिन्ही चिप्स पदराने लख्ख पुसून ताम्हनात, रेशमी खणावर मांडलेल्या होत्या.

"आत्या, अगं, रेशीम?"

"मग? सोवळ्याला सुती चालतं का? एवढा शिकलास, आणि भांडी घासायच्या चोथ्यात ठेवल्यास होय?"

रेशीम घासलं की वीज किती साठते, हे आता सांगून उपयोग नव्हता. त्याने क्षीण आवाजात विचारलं, "चटका नाही ना बसला?"

"बसला तर. पहिलीला बोट लावलं नि ठिणगीच उडाली." आत्याने हात जोडले. "जागृत आहेत हो."

नलिनी पोळपाटावर वाकली. तिचे खांदे हलत होते. "अहो, तुम्हीच म्हणालात ना, अगदी तेच?"

दवाखान्यात त्याच चिप्स यंत्रात बसवून झाल्या, आणि श्यामकांतांनी हौसेने स्वतःच्याच छातीला तारा लावून घेतल्या. पडद्यावर सरळ रेघ उमटली. ती त्यांनी बराच वेळ पाहिली.

"यंत्राच्या मते मी गेलो," ते म्हणाले. "माझ्याकडे आणखी तीन आहेत. त्या घेऊन जा, उद्या बसव. त्याही गेल्या, तर तू जाशील."

संध्याकाळी आत्याने दारातच विचारलं, "लागल्या का रे कामाला?"

"उद्या नव्या लागतील."

"आण इकडे, ठेवते सोवळ्यात."

"नको, तुला कशाला त्रास."

त्याने घरभर नजर फिरवली. देवघर, फडताळ, कपाट. आत्याचा हात पोचत नाही अशी जागा दिसेना. मग तो पुन्हा दाराशी गेला, आणि नव्या चिप्सची डबी त्याने आपल्या डाव्या बुटात अलगद सरकवली. चामड्याला आत्याने उभ्या जन्मात हात लावला नव्हता.