एका पानाचे नियम

"एका पानात बसवतो," मास्तर म्हणाले. चाळीस वर्षं पोरांच्या गळी भागाकार उतरवलेल्या माणसाला एक खेळ काय जड!

नात ठकूने नियमांचं पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. तिचा खेळ तसा साधा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि बेत जमला की फसला, ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. पण पुस्तक तीनशे पानी! ते पाहूनच नवी मुलं काढता पाय घेत. वाचनालयाच्या बाईंनी तर निर्वाणीचं सांगितलं होतं, "रविवारी चार नवी मुलं तासभर टिकली, तर खेळायची खोली तुमची. नाहीतर तिथे जुनी मासिकं रचते."

मास्तरांचं पहिलं पान झालं. मग उदाहरण हवं असं वाटलं. उदाहरणापाठोपाठ सराव आला. शनिवारपर्यंत त्या एका पानाची बत्तीस पानं झाली, प्रत्येक प्रकरणाखाली स्वाध्याय!

रविवारी चार मुलं आली. मास्तरांनी गठ्ठा उघडला, खिसा चाचपला. चष्मा नाही.

"घरी राहिला असेल, आजोबा," ठकू म्हणाली.

पानावर नुसत्या मुंग्या धावत होत्या. बेकरीवाल्याची मुलगी दाराकडे बघू लागली.

"बरं," मास्तर घाईने म्हणाले, "पुलावर राक्षस झोपलाय. आपल्याला पलीकडे जायचंय. काय कराल?"

"नियम काय आहे?" तिने विचारलं.

"मला कुठे दिसतोय! तूच सांग."

तिने दारावरची नजर वळवली. "मी त्याच्या नाकात पीस घालीन."

"अगं, उठेल ना तो!" शेजारची मैत्रीण ओरडली.

"शिंकेल आणि पडेल नदीत."

"टाक फासा. मोठा आकडा आला तर जमलं. किती पडले?"

"दोन."

"मग काय झालं असेल?"

चौघं एकदम बोलू लागली.

दोन तासांनी बाई किल्ल्या वाजवत आल्या. "चला, वेळ संपली."

"बाई, हळू! राक्षस आमच्या मागावर आहे."

"मग दार कशाला उघडं टाकलंत?" बाईंनी कडी लावली आणि खुर्ची ओढली.

खोली राहिली. घरी जाताना मास्तरांची छाती फुगली होती. "शिकवायची हातोटी लागते, ठकू."

"हो ना," म्हणत ठकूने खिशातून त्यांचा चष्मा काढला, फ्रॉकला पुसला आणि त्यांच्या हातात दिला. "पुढच्या रविवारीही मीच सांभाळीन."

मास्तरांनी चष्मा चढवला, काखेतल्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

"स्वाध्याय तरी वाटू का गं?"