इकेम्बा मास्तरांची नेमणूक

रेडिओवर विद्यापीठाच्या नव्या नियामक मंडळाची नावं वाचली जात होती आणि उगोये चुलीवरच्या रश्श्यात मीठ टाकत होती. तेवढ्यात तिच्या नवऱ्याचं नाव आलं. रस्सा खारट झाला. इकेम्बा मास्तर गेल्या नाताळाआधीच वारले होते.

मास्तरांनी उभी हयात एकच प्रश्न विचारण्यात घालवली. या मंडळावर माणसं निवडतं कोण, आणि काय बघून? सभेत विचारलं, रेडिओवर विचारलं, एकदा तर कुलगुरूंच्या मुलीच्या लग्नात जेवता जेवता विचारलं. उत्तर मिळालं नाही, आमंत्रणं मात्र बंद झाली. मयताला विद्यापीठाचं चिटपाखरूसुद्धा फिरकलं नाही. तरी त्या संध्याकाळी उगोयेला वाटलं, कुणीतरी यांचं ऐकलं होतं. उशिरा का होईना, आठवण ठेवली. बिचारी सुखानं रडली.

सकाळी कुलसचिव अनिएबो ढोलवाल्यासह वाजतगाजत आले. सोबत दोन प्राध्यापक आणि अभिनंदनाचा बोकड. अंगणात लोखंडी कठडा दिसला, तिथंच त्यांनी तो बांधला. कठड्याच्या आत मास्तर होते. नावाची पाटी कुणी वाचली नाही. शिकलीसवरलेली माणसं, त्यांना वाचनाचा कंटाळा असायचाच.

उगोयेनं थाळीत पाहुण्यांच्या स्वागताचं कोलाचं फळ आणून ठेवलं. ते फोडायचं घरच्या पुरुषानं, म्हणून पाहुणे ताटकळत बसले. ढोलवाला जांभया द्यायला लागला.

"मास्तर आंघोळीला गेलेत का?" शेवटी अनिएबोंनी विचारलं.

"तुमचा बोकड त्यांच्याच उशाशी बांधलाय," उगोये म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बोकड कबरीवरची फुलं खात होता.

"अरेरे," अनिएबो म्हणाले. मग आवाज खाली आणून, "वहिनी, हे बाहेर कुठं बोलला नाहीत ना?"

मग त्यांनी समजूत घातली. नाव काढायचं तर ज्यानं घातलं त्यानंच काढायला हवं, आणि कुणी घातलं हे विचारायची सोय नाही. शिवाय काढायचंच कशाला? बैठकीला न येणारा आणि विरोध न करणारा सभासद मिळतो कुठं हल्ली?

"नाव राहू द्या हवं तर," उगोये म्हणाली. "मला फक्त सांगा, यांना कुणी निवडलं? त्या माणसाला एकदा घरी जेवायला घालायचंय मला."

अनिएबोंनी प्राध्यापकांकडे पाहिलं, प्राध्यापकांनी बोकडाकडे.

"खरं सांगू का, वहिनी? नावं वरून येतात. वरच्यांना कोण देतं, कुणालाच माहीत नाही."

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. खरंच आठवण ठेवणारा कुणी असता, तर मास्तर गेले हेही त्याला ठाऊक असतं.

पाहुणे निघाले, जाताना बोकडही सोडून घेऊन गेले. अभिनंदन जिवंत माणसाचं असतं. उगोये कबरीपाशी बसली, कुरतडलेली फुलं नीट करू लागली.

"तुमच्यासारखंच विचारलं मी," ती म्हणाली. "तोंडावर विचारलं. मलाही नाही सांगितलं हो."