सरकारी जीपचा दात

एका जंगलात, मुलांनो, एक जीप होती. जंगलात जीप कुठून आली, असं विचारू नका. तुमच्या गावात दवाखाना असून डॉक्टर नसतो, तेव्हा विचारता का?

ही जीप आजारी जनावरांना घाटापलीकडच्या वैद्याकडे न्यायची. ती चालवायचं आणि दुरुस्त करायचं काम भिवा अस्वलाकडे होतं. जीप म्हातारी झाली होती. चढावर बंद पडायची. मग पेशंटच उतरून धक्का मारायचे.

शेवटी भिवाने शहरातून इंजिनाचा कॉम्प्युटर आणला. ठिणगी कधी पाडायची, पेट्रोल किती सोडायचं, ते आता कॉम्प्युटर ठरवणार होता.

पण इंजिन फिरता फिरता नेमकं कुठे आलंय, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. म्हणून भिवाने इंजिनाच्या पुढच्या पुलीवर दातेरी चाक बसवलं आणि त्याच्यासमोर, नखभर फट ठेवून, सेन्सर. सेन्सर दात मोजायचा. चाकाचा एक दात मुद्दाम गाळलेला होता. ती रिकामी जागा आली, की नवा फेरा सुरू झाला हे कॉम्प्युटरला कळायचं.

जीप घाट सरसर चढू लागली. भिवा खूश झाला. खूश झालेल्याने गुपचूप घरी जावं. भिवा महाराजांना जीप दाखवायला घेऊन आला.

आता, सिंहमहाराजांचा पुढचा एक दात पडलेला होता. सगळ्या जंगलाला ते माहीत होतं. म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

भिवाने बॉनेट उघडलं. "महाराज, सगळी करामत या पडलेल्या दाताची!"

महाराजांनी तोंड घट्ट मिटलं. कोल्हा प्रधान खाकरला.

"भिवा, सरकारी गाडीला अपुरं चाक?"

"अपुरं नाही, प्रधानजी. ते असंच असतं."

"असं काही नसतं."

दुसऱ्याच दिवशी प्रधानांच्या मेहुण्याने वेल्डिंग करून तिथे दात चिकटवला. चाकाला हार घातला. चाक पूर्ण झालं आणि जीप बंद पडली. फेरा कुठून सुरू होतो, तेच कॉम्प्युटरला कळेना.

"पेट्रोलात भेसळ असेल," प्रधान म्हणाले.

तेवढ्यात सुगंधा नीलगाईला कळा सुरू झाल्या. पिल्लू आडवं आलं होतं. तिला जीपमध्ये निजवलं. स्टार्टर नुसताच कण्हत राहिला. मागे सुगंधाही कण्हत होती.

भिवाच्या डोळ्यांपुढे तुरुंग आला. तरी त्याने छिन्नी उचलली.

"हा राजद्रोह आहे!" प्रधान ओरडले.

"असेल. बाजूला व्हा."

ठाण, ठाण! दात उडाला. जीप सुरू झाली. घाटापलीकडे वैद्याने पिल्लू सुखरूप बाहेर काढलं.

परत येताच भिवाला दरबारात उभं केलं.

"चाकाचा दात कुठे आहे?" महाराजांनी तोंडावर पंजा धरून विचारलं.

भिवाच्या मनात आलं, आपण तुरुंगात गेलो, तर उद्याच्या बाळंतिणीला कोण नेणार? प्रधानांचा मेहुणा?

"जागेवरच आहे, महाराज," तो म्हणाला. "इतका जोरात फिरतो, की दिसत नाही."

महाराजांनी पंजा खाली घेतला आणि मोकळेपणाने हसले.

"वाटलंच मला! तेजस्वी वस्तू अशाच असतात."

सगळ्या दरबाराने तो दात पाहिला. काहींचे तर डोळे दिपले. दात बसवल्याबद्दल मेहुण्याला शाल मिळाली. भिवा पेट्रोल भरायला गेला, कारण बाहेर एक ताप आलेला ससा वाट पाहत होता.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं, पण इंजिनाशी. त्याला राग येत नाही, आणि त्याला मेहुणाही नसतो.