कोंबड्यांच्या दोन पंगती

जावईबापूंनी आयुष्यात एकच निर्णय स्वतःच्या मनाने घेतला, आणि तो जेवता जेवता जाहीर केला. तिथेच चुकलं. असले निर्णय माणसाने दाराजवळ उभं राहून सांगावेत, म्हणजे निसटायला बरं पडतं.

"आई, या बॅचला औषध घालायचं नाही," ते म्हणाले.

सासूबाईंचा घास हातातच थांबला. बायकोने पाण्याचा पेला मुकाट्याने नवऱ्याजवळ सरकवला. (ठसका लागणार हे तिला आधीच दिसत होतं.)

घरामागे ब्रॉयलर कोंबड्यांची शेड होती. शेड सासूबाईंची, तिच्यातली प्रत्येक कोंबडी सासूबाईंची, आणि खरं सांगायचं तर जावईबापूही सासूबाईंचेच. लग्न करून ते या घरात राहायला आले तेव्हापासून शेडमध्ये काम त्यांचं आणि शब्द सासूबाईंचा, अशी वाटणी पडली होती. पिल्लांना रक्ती हगवण लागू नये म्हणून सासूबाई पहिल्यापासून खाद्यात औषध मिसळत आल्या होत्या. पण आता शहरातल्या एका बड्या दुकानदाराला औषधाचा कणही पोटात न गेलेल्या कोंबड्या हव्या होत्या, आणि कोंबड्यांच्या डॉक्टरने जावईबापूंच्या डोक्यात एक नवी पावडर भरवून दिली होती. ओवा, लसूण, दालचिनी यांचे अर्क आणि पोटाला मानवणारे काही चांगले जंतू. औषध नाही, नुसती खाद्यातली भर. आतडं मजबूत असलं की हगवणीला थारा मिळत नाही, असं डॉक्टरचं म्हणणं.

"आणि हगवण लागली तर?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही लागणार."

"कोण म्हणतं?"

"डॉक्टर."

"मग शेड धुवायला डॉक्टर येणार आहे का?"

जावईबापू पाणी प्यायले. पण त्या दिवशी त्यांच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे, ते मागे हटले नाहीत. शेवटी सासूबाईंनी ताट पुढे सारलं. "ठीक आहे. बॅच चांगली निघाली तर शेड तुमच्या हाती. मी त्यात परत बोलणार नाही. आणि वाईट निघाली तर तुम्ही जन्मभर बोलायचं नाही."

(बायकोला दुसरी अट जास्त पसंत पडली असावी. तिने लगेच मान डोलावली.)

शेड आपल्या हाती! जावईबापूंनी ते शब्द मनात दोनदा म्हणून बघितले. इतकी वर्षं या घरात त्यांना कुणी साधा पंखा कितीवर ठेवायचा हेही विचारलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी विचारावं, "जावईबापू, आता कसं करायचं?" आणि आपण हनुवटीला हात लावून विचार करावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

डॉक्टर आला आणि त्याने शेडच्या मधोमध जाळी ताणली. उजवीकडच्या कोंबड्यांना पावडर, डावीकडच्यांना नाही. डावीकडे हगवण दिसली की लगेच उपचार करू, एकही दगावू देणार नाही, असं वचनही दिलं. पण दोन बाजूंची तुलना व्हायलाच हवी, म्हणाला, नाहीतर पावडरीने फरक पडला हे कळणार कसं?

सासूबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. "म्हणजे एकाच छपराखाली अर्ध्यांना वाढायचं आणि अर्ध्यांनी तोंडाकडे बघत बसायचं?"

"काकू, खाद्य दोघांना तेच आहे. फक्त पावडर..."

"तेच म्हणतेय मी. जाळीतून दिसतं त्यांना."

"त्यांना काय कळतंय, आई!" जावईबापू हसले. "कोंबड्या आहेत त्या."

सासूबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की आपण जिंकलो, असं जावईबापूंना वाटायचं. (लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी वाटायचं.) सकाळ-संध्याकाळचं खाद्य ते घालणार आणि दुपारचं नेहमीप्रमाणे सासूबाई, असं ठरलं. उजवीकडेच पावडर घालायची हे त्यांनी सासूबाईंना पुन्हा पुन्हा बजावलं, आणि सासूबाईंनी पुन्हा पुन्हा "हं" म्हटलं.

त्या दिवसापासून जावईबापूंचं बूड कुठे टेकेना. चहाचा घोट घेतला की शेड. एक पाय पायजम्यात घातला की शेड. पिल्लं पेंगत तर नाहीत ना, पंख पाडून बसली तर नाहीत ना, विष्ठा घट्ट आहे ना, हे बघत ते वाकून वाकून फिरायचे. विष्ठेबद्दल तर त्यांचं ज्ञान इतकं वाढलं की ते उतू जायला लागलं, आणि ते नेमकं ताटावर बसल्यावर.

"आज उजवीकडे काय छान झालीय! वर पांढरं टोक, खाली..."

"अहो!" बायको ओरडली. "मी जेवतेय!"

हवा दमट झाली. शेडमधला भुसा ओल धरायला लागला. हगवणीचे दिवस ते हेच. जावईबापूंच्या जिवाची तगमग सुरू झाली, आणि तिला दोन तोंडं होती. उजवीकडच्यांना काही होऊ नये हे तर खरंच, पण डावीकडच्यांना थोडंसं, अगदी थोडंसं, काहीतरी व्हावं. त्याशिवाय पावडरीचा गुण दिसणार कसा? कुणाचं वाईट चिंतायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यामुळे डावीकडे गेलं की ते कोंबड्यांची नजर चुकवायचे.

आणि अखेर हगवण लागली. जावईबापूंना.

काळजीनेच लागली. शेड आणि संडास यांच्यामध्ये त्यांच्या खेपा सुरू झाल्या, आणि दोन्हीकडे जाताना तीच घाई असल्याने ते नेमके कुठे निघालेत हे घरच्यांना कळेना. सासूबाईंनी "हं" एवढंच म्हटलं. काही दिवसांनी पोट जसं बिघडलं तसंच सावरलं. जेवणाला हल्ली ओव्याचा वास येतो, असं त्यांच्या मनात आलं खरं, पण आताशा त्यांना उशीलाही ओव्याचाच वास यायचा.

डावीकडे मात्र सगळं ठणठणीत होतं. नुसतं ठणठणीत नाही, बाळसं धरत होतं. दोन्हीकडची खाद्याची भांडी सारखीच रिकामी, विष्ठा सारखीच देखणी! जावईबापू हादरले. पावडर न खाता यांना काहीच होत नसेल, तर ती पावडर काय कामाची? वाऱ्याने पावडर उडून तिकडे जात असेल म्हणून त्यांनी जाळीला प्लॅस्टिक बांधलं. मग प्लॅस्टिकला भोक असेल म्हणून दुसरं बांधलं. एका दुपारी बायको शेडमध्ये डोकावली तर नवरा डावीकडच्या एका गुबगुबीत कोंबडीसमोर उकिडवा बसून बोलत होता.

"तुला काहीच कसं होत नाही गं?"

"अहो, कोंबडीशी भांडताय?"

"ती ऐकून तरी घेते," जावईबापू म्हणाले.

त्यात पावडरीचा डबा वेळेआधीच संपला. फोनवर डॉक्टर चकित झाला. "इतक्यात? किती घालताय?" जावईबापूंनी दोष स्वतःवर घेतला. आपलाच हात सढळ पडला असेल, म्हणाले. (घरजावयाला ती सवय होऊन जाते.) डॉक्टरने नवा डबा पाठवला.

वजनाचा दिवस उजाडला. डॉक्टरने उजवीकडच्या कोंबड्या काट्यावर चढवल्या. मग डावीकडच्या चढवल्या. मग काट्यालाच हलवून बघितलं. दोन्हीकडच्या सारख्याच वजनदार, सारख्याच निरोगी, आणि शेडच्या आजवरच्या कोणत्याही बॅचपेक्षा सरस. जावईबापू एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभे राहत होते.

"फरकच नाही," डॉक्टर खाली मान घालून म्हणाला. "पावडरीचा काही उपयोग होत नाही, असंच मला कळवावं लागेल."

जावईबापूंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी सासूबाई कडाडल्या.

"उपयोग होत नाही कसा? दोन्हीकडे सारखी घातलीय मी!"

कोंबड्या तेवढ्या बोलत राहिल्या.

"आई," जावईबापूंचा आवाज चिरकला, "डावीकडेही घातली?"

"रोज दुपारी. आणि तुम्ही सकाळ-संध्याकाळ त्यांना कोरडंच वाढायचात म्हणून दुपारी जास्त घातली. अहो, भांडं घेऊन उजवीकडे गेलं की डावीकडची सगळी जाळीशी येऊन उभी राहायची. माझ्या घरात पंक्तिप्रपंच झालेला नाही आजवर. पाहुण्याला एक आणि घरच्याला एक असं मी माणसांत केलं नाही, ते कोंबड्यांत करू?"

डॉक्टर खाद्याच्या पोत्यावर बसला. "काकू, तुलनाच राहिली नाही हो. निदान एक तरी अशी हवी होती की जिला आधी पावडर मिळाली नाही, हगवण लागली, मग पावडर मिळाली आणि ती बरी झाली. मला थोडा तरी आधार झाला असता."

"तसा एक आहे की," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी जावयाकडे बघितलं.

डॉक्टरनेही बघितलं. बायकोनेही बघितलं. जावईबापूंनी मागे वळून पाहिलं, पण मागे कुणी नव्हतं.

"भातात मिसळून देत होते," सासूबाई म्हणाल्या. "पोट बिघडलेलं, चेहरा उतरलेला. कोंबड्यांना चालतं, मग यांना न चालायला काय झालं?"

"आई, मला न विचारता?" जावईबापू कसेबसे म्हणाले.

"कोंबड्यांना तरी कुठे विचारलं होतं?"

"गुण कधी आला?" डॉक्टर ताडकन उठला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच तजेला दिसला. पुढचं सगळं फार झपाट्याने झालं. जावईबापू काट्यावर उभे राहिले. डॉक्टरने त्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, जीभ बघितली, आणि सवयीने त्यांचा हात धरून पंखासारखा बाजूला ताणला. मग त्याने विष्ठेबद्दल विचारलं. त्यावर जावईबापूंनी इतकं सविस्तर उत्तर दिलं की डॉक्टरनेच त्यांना मध्ये थांबवलं. एकट्यावरून काही सिद्ध होत नाही, असं तो जाताना म्हणाला खरा, पण गेला मात्र खुशीत.

दुकानदाराच्या गाडीने सगळ्या कोंबड्या उचलल्या, डावीकडच्या आणि उजवीकडच्या, कुठलाही भेद न करता. शेड रिकामी झाली. सासूबाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि जावयाच्या हातावर ठेवली. "बॅच चांगली निघाली. आजपासून शेड तुमची."

जावईबापूंनी किल्ली मुठीत घट्ट धरली. त्यांनी हनुवटीला हात लावला आणि थोडा विचार केला. "पुढच्या वेळी मी स्वतः..."

"खाद्य मात्र मीच घालणार," सासूबाई म्हणाल्या. "तिन्ही वेळचं. तुमच्याकडे दिलं की पुन्हा अर्ध्यांना उपाशी ठेवाल. आणि पाणीही माझ्याकडे."

"मग माझ्याकडे काय राहिलं?"

बायकोने कोपऱ्यातलं फावडं आणून त्यांच्या हातात दिलं.

"त्यांनी खाल्ल्यावर जे राहतं ते," ती म्हणाली. "नाहीतरी तुम्हाला त्यातलंच जास्त कळतं."