सिंकखालचा एक तास

शपथेवर सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे वार मागेपुढे झाले असतील. आणि प्लंबर जे बोलला ते मी जरा सौम्य करून सांगतोय. बाकी सगळं खरं. तू चहा घे, निवतोय.

दारावर मी 'घर विकणे आहे' अशी पाटी लावली होती, ते तुला माहीतच आहे. गंमत म्हणून. पहिल्याच दिवशी तीन गिऱ्हाइकं येऊन गेली, एकाने तर बेडरूमची मापं घेतली. दुसऱ्या दिवशी सासरे दारात. म्हणाले, जावईबापू, काय अडचण असेल ती सांगा, मी एफडी मोडतो. (इथे मी हसलो. इथे हसायचं नव्हतं.)

त्या दिवसापासून बायकोचं तोंड बंद. कपाटावरची मोठी बॅग खाली आली, भरली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. रविवारी ती भावाकडे जाणार, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. परत कधी येणार, ते काकूंनाही माहीत नव्हतं. घरात इतकी शांतता, की फ्रिजची घरघर थांबली तरी दचकायला व्हायचं.

मी मात्र बोलतच होतो. माफी मागितली, विनोद सांगितले, माफीवर विनोद सांगितले. भिंतीनं तरी हुंकार दिला असता.

अकराव्या दिवशी, सोमवारी, ती म्हणाली, "सिंकमध्ये पाणी तुंबलंय."

तीन शब्द. मला भरून आलं. ऑफिसच्या कपड्यांत सिंकखाली शिरलो, तासभर खटपट केली, पाणी कसंबसं गेलं. बाहेर येऊन बघतो तर पुन्हा मौन.

तेव्हा डोक्यात आलं, तुंबलं की ही बोलते. मग काय, मंगळवारी मी बटाट्याची सालं टाकली. "तुंबलंय." बुधवारी चहाचा चोथा. "तुंबलंय." गुरुवारी शिळा भात. "परत तुंबलंय." एक शब्द वाढला. संसार रुळावर येत होता. शुक्रवारी एक मोजा कोंबला. त्याचा जोडीदार केव्हाच हरवला होता, तसाही तो बिनकामाचा.

शनिवारी पाणी ओट्यावरून उतरून थेट बॅगेच्या चाकांपर्यंत गेलं. प्लंबर बोलवावा लागला. म्हातारा माणूस, बोलणं मोजकं. त्याने तार घातली, मोजा बाहेर काढला. मी म्हणालो, असतं, पडतं कधी कधी. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तार आणखी खाली सोडली आणि दुसरा मोजा काढला. दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी मांडले.

"जोडी आहे," तो म्हणाला. "हा खालचा जुना. सुरुवात यानं केलीय."

मी बायकोकडे बघितलं. ती प्लंबरकडे बघत होती.

"काय करणार काका," ती म्हणाली. "यांचं डोकं सिंकखाली असलं की घरात तासभर आवाज नसतो."

प्लंबर तार गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "म्हणून तर मी बाहेरची कामं घेतो. चाळीस वर्षं टिकलंय आमचं."

रविवारी ती गेली नाही. बॅग पुन्हा कपाटावर. अट एकच: रोज सात ते आठ मी सिंकखाली. पाइप लख्ख आहे, पाणी सुसाट जातं. तरी मी असतो. मांडीवर पाना घेऊन. तिथून फक्त तिच्या टाचा दिसतात. काल त्या टाचा थांबल्या आणि एक उशी आत सरकली. (मी थँक्यू म्हटलं. अर्धा तास वाढला.)

तर प्लंबरचं हे बिल. अर्धे काढ. असं बघू नकोस, ती पाटी तुझ्या अक्षरात आहे, आणि अक्षर कुणाचं ते तिने अजून विचारलेलं नाही.

जरा लवकर काढ रे. पावणेसात झालेत, मला उशी घेऊन आत बसायचंय.