नवरा वगळून

इंजिनिअर बायकोला घेऊन ऑफिसात शिरला तेव्हा त्याची छाती चांगली दोन इंच फुगलेली होती. फोटो शोधणारं यंत्र त्याने बनवलं होतं. आलेल्या फोटोंवर ‘असा’ किंवा ‘असा नको’ दाबायचं, की पुढच्या फेरीत यंत्र शहाणं होऊन येतं. शिवाय माणूस कुठल्या फोटोवर किती रेंगाळतो, तेही गुपचूप टिपून ठेवतं. घरच्याच नऊ हजार फोटोंवर तीन महिने त्याने यंत्राची शिकवणी घेतली होती.

साहेबांची अट साधी होती. "वहिनींना पाच फेऱ्यांत हवा तो फोटो मिळायला हवा. नाही मिळाला, तर हे काम बंद. बोला वहिनी, काय शोधायचं?"

"माझाच एखादा बरा फोटो बघू या."

इंजिनिअरने ऐटीत ‘बायको’ असं टाइप केलं. भिंतीएवढ्या पडद्यावर बारा फोटो आले. बाराही इंजिनिअरचे! गॉगल लावून, हाताची घडी घालून, पोट आत ओढून. बायको नव्हती असं नाही. कुठे खांदा होता, कुठे अर्धा कान.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"ते... रेंगाळण्यावरून शिकतं ना, सर."

"कुणाच्या रेंगाळण्यावरून?"

इंजिनिअर बुटांकडे बघू लागला. बायकोचे फोटो शोधायच्या नावाखाली गडी तीन महिने स्वतःलाच न्याहाळत बसला होता, आणि यंत्राने ते चोख पाठ केलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

बायकोने एकेका नवऱ्यावर ‘असा नको’ दाबायला सुरुवात केली. दुसऱ्या फेरीत नवरे सात उरले, तिसरीत तीन, चौथीत एकच, तोही पाठमोरा. पाचव्या फेरीत पडदाभर ती एकटी होती, केस विस्कटलेली, खळखळून हसणारी.

"वा! जमलं की!" साहेबांनी टाळी वाजवली. "काय सुरेख फोटो आहेत रे! तूच काढलेस ना?"

"माझ्या भावाने काढलेत," बायको म्हणाली. "सगळे."

काम मंजूर झालं, पाठही थोपटली गेली. इंजिनिअरला मात्र मान वर करवेना. घरी पोचताच त्याने मोबाइल काढला.

"थांब, तुझा एक छान फोटो काढतो."

"आता हे काय नवीन?" असं म्हणत ती भिंतीशी उभी राहिली. आणि सवयीने कडेला सरकली, मधली जागा त्याच्यासाठी सोडून.